विहिणीचं तळं

चपला इथेच बांधाच्या तोंडाशी काढा आणि माझ्या मागून एकेकाने या. बांध अरुंद आहे. दोन्ही बाजूंच्या वाफ्यांत पांढरं चमकतंय ते मीठ. पाय घसरून आत पडलात तर लागणार काही नाही, पण घरी पोचेपर्यंत अंगावर मीठ फुटेल आणि घरचे ओळखणार नाहीत. आता समोर बघा. चहूकडे खारी जमीन, पलीकडे खाडी, तिच्यापलीकडे समुद्र, आणि या सगळ्याच्या मधोमध ते कमळांचं तळं. कमळ खाऱ्या पाण्यात येत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. या तळ्याचं पाणी नारळाच्या पाण्यासारखं गोड आहे. प्यायचंही एका रीतीने. आधी जिभेवर मिठाचा खडा ठेवायचा, तो विरघळला की मगच ओंजळ तोंडाला लावायची. घाई करू नका, खडे पुष्कळ आहेत. मिठाची कंजुषी आमच्या या खारवेळ गावात कुणी केलेली नाही, आणि तीच तर या तळ्याची गोष्ट आहे.

मला इथे नारूआबा म्हणतात. उभा जन्म या मिठागरात गेला. आता गुडघे ऐकत नाहीत, म्हणून पाहुण्यांना तळं दाखवतो. मागे एक प्राध्यापक हातोडी घेऊन आले होते. रेतीखाली पावसाचं गोडं पाणी साठतं, ते हलकं असल्यामुळे खाऱ्या पाण्याच्या वर राहतं, असं त्यांनी काठीने चित्र काढून समजावलं. बरोबर असेल. माणूस भला होता, पाणी पोटभर प्यायला. पण ते पाणी नेमकं त्या दिवशी वर का आलं, ते आमच्याकडून ऐका.

फार पूर्वीची गोष्ट सांगतात. तेव्हा खारवेळात मीठ उदंड, पण पिण्याच्या पाण्याचा थेंब नव्हता. भरती आली की होड्या खाडीपलीकडच्या झऱ्यावर जायच्या आणि हंडे भरून आणायच्या. ओहोटीला खाडीत नुसता चिखल. मग पुढच्या भरतीपर्यंत घरात असेल तेवढ्यावर भागवायचं. सोयरे यायचे तेसुद्धा भरतीची वेळ विचारून यायचे म्हणे.

त्या वेळी गावात रवळू नावाचा मीठ पिकवणारा होता. त्याची मुलगी चंद्रावळ. ती रांगत होती तेव्हाच तिची आई गेली. रवळू दिवसभर वाफ्यात, तेव्हा पोर वाढली ती गावाच्या कडेवर. आज या घरी पेज, उद्या त्या घरी वेणीफणी. कुणी तिला वळण लावलं, कुणी धपाटे घातले, आणि धपाटे घालणारणीच पुढे तिच्या लग्नाची जास्त काळजी करू लागल्या. तशी रीतच आहे.

उन्हाळ्यात रवळू बैलांवर मीठ लादून घाटाखालच्या झरेगाळूच्या बाजाराला जायचा. चंद्रावळ बरोबर असायची. तिथलीच भिवराबाई नावाची एक बाई दरवर्षी मीठ घ्यायला यायची. बाई मोठी कर्तबगार, पण जीभ अशी तिखट की रस्त्यातला बैलसुद्धा तिला वाट द्यायचा. एकदा ती मीठ मुठीत घेऊन म्हणाली की मीठ ओलं आहे. चंद्रावळ म्हणाली, मीठ कोरडं आहे, तुमचा हात ओला आहे. भिवराबाईने आपला हात पाहिला, पदराला पुसला आणि मीठ घेतलं. पुढच्या वर्षी तिने मिठाबरोबर मुलगीही मागितली, आपल्या मुलासाठी, सगुणसाठी. सगुण त्या सबंध वर्षात गरज नसताना कितीदा मीठ आणायला खाली उतरला होता, ते तिने पाहिलं असणारच.

खारवेळात आनंदाला पारावार राहिला नाही. आपली पोर जिथे दारातून पाणी वाहतं अशा गावात जाणार! लग्न गोरज मुहूर्तावर धरलं. वऱ्हाड डोंगरातून चालत येणार, म्हणून त्यांना आधी जेवण द्यायचं आणि संध्याकाळी अक्षता टाकायच्या, असं ठरलं.

आता इथली एक चाल सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. खारवेळात लग्नाची रांधप झाली की सांबाऱ्यात शेवटची चिमूट मुलीची आई घालते. तिला 'आवशीची चिमूट' म्हणतात. आवस म्हणजे आई. ती चिमूट घालताना कुणी बघायचं नाही आणि घातल्यावर कुणाला सांगायचं नाही. बोलली तर मुलीला लाभत नाही, असा समज.

लग्नाच्या सकाळी काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याची मोठी हंडी चुलाणावरून उतरली. आचाऱ्याने मीठ बेताचं घातलं होतं. तेवढ्यात शेजारच्या घरातल्या बाईच्या मनात आलं, बिचाऱ्या चंद्रावळीला आई नाही, तिच्या नावाची चिमूट कोण घालणार? ती हळूच मांडवामागे गेली, आपल्या वाफ्यातलं पांढरंशुभ्र मीठ हंडीत सोडलं, डोळे पुसले आणि गुपचूप परतली. ती गेली आणि दुसरी आली. तिच्याही मनात तेच. मग तिसरी. कुणी कुणाला दिसलं नाही, कारण बघायचं नाही अशी रीत, आणि कुणी कुणाला बोललं नाही, कारण बोलायचं नाही. गावातली एकही बाई मागे राहिली नाही असं सांगतात. आणि मीठ पिकवणाऱ्या बाईची चिमूट ती केवढी! आम्ही जिला चिमूट म्हणतो तिला तुमच्याकडे मूठ म्हणतात.

दुपारी वऱ्हाड आलं, दमलेलं आणि भुकेलेलं. पानं मांडली. भिवराबाईने पहिला घास घेतला आणि तिचे डोळे विस्फारले. पण पहिल्याच घासाला विहीण तोंड वाकडं कसं करणार? तिने गिळला आणि तांब्याभर पाणी प्यायली. सगळी पंगत तेच करत होती. बघता बघता हंडे रिकामे झाले. बाहेर ओहोटी लागली होती, होड्या चिखलात रुतून बसल्या होत्या, आणि भरती यायला मुहूर्तानंतरचा अंधार पडणार होता.

भिवराबाई पानावरून उठली, मांडवाबाहेर पडली आणि तडक मिठागरात जाऊन रुसून बसली. आता आपण काठावर बसलोय ना, तिथेच. गावाने आधी मनावर घेतलं नाही. विहिणीचा रुसवा म्हणजे लग्नातला मानाचा प्रकार, लुगडं पुढे केलं की उतरतो. रवळू लुगडं घेऊन गेला. तिने ते बाजूला सारलं आणि सगळ्या मिठागराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माका गोडा पाणी व्हया. ता मिळाल्याबिगर मी हयसून उठाचंय नाय, नि मी उठल्याबिगर लगीन लागाचा नाय!"

बाईचा शब्द म्हणजे शब्द, हे झरेगाळूचे लोक जाणत होते. त्यांनी गाठोडी बांधायला घेतली. सगुण मुंडावळ्या बांधून नुसता उभा होता. मुहूर्त टळला तर वऱ्हाड परतणार, आणि मांडवातून वऱ्हाड परतलेल्या मुलीला त्या काळी पुन्हा कोण विचारणार होतं? रवळू तर कपाळाला हात लावून बसला. मग उठला आणि आचाऱ्यावर धावला. आचारी देवाची शपथ घेऊन सांगू लागला, मी मीठ बेताचंच घातलं. तेव्हा शेजारीण चाचरत पुढे आली.

"त्येचो दोष नाय. आवशीची चिमूट मीया घातलंय."

"तू खंयची? मीया घातलंय!" दुसरी म्हणाली.

"गो, माझी तर एवढीशीच होती."

"तुझी एवढीशी? तुझो हात सुपाएवढो असा!"

मग काय विचारता! बायका एकमेकींवर तुटून पडल्या, आणि भांडण कशावरून, तर खरी आई कोण यावरून. पुरुष तोंडं लपवून हसू लागले. रवळूला हसावं की रडावं ते कळेना.

या गोंधळात नवरी मांडवातून निघाली. वाफ्याच्या कडेला पडलेलं मीठ ओढायचं लाकडी फावडं तिने उचललं, हिरवं लुगडं खोचलं आणि सासूच्या पायाशी येऊन जमीन उकरायला लागली. तिथे खाऱ्या चिखलाशिवाय काही निघणार नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी ती उकरत राहिली. मुंडावळ्या कानावर आल्या, हळदीच्या हातांना कोपरापर्यंत चिखल लागला.

भिवराबाई बराच वेळ बघत होती. शेवटी म्हणाली, "गो चेडवा, तुमच्याकडे मीठ असा म्हणान काय आमका खारवून सुकत घालतलात? खरा सांग, इतक्या मीठ कोणी घातला?"

"माझ्या आवशीन," चंद्रावळ खाली मान घालून म्हणाली.

"आवस तर तुका नाय मा?"

"नाय. एक आवस गेली म्हणान सगळो गाव आवस झालो. परत्येकीन आपापली चिमूट घातल्यान. तुमी रागावलात तर चलात, पण त्येंका काय बोलू नकात."

असं म्हणून ती पुन्हा उकरू लागली. भिवराबाईने मांडवाकडे पाहिलं. तिथे साऱ्या आया अजून हातवारे करून भांडत होत्या. मग तिने चिखलात माखलेल्या सुनेकडे पाहिलं. आणि जिला कुणी हसताना पाहिलं नव्हतं ती बाई हसायला लागली. आधी खांदे हलले, मग पोट, मग ती मागे हातांवर रेलून अशी हसली की खाडीतले बगळे उडाले. हसता हसता तिच्या डोळ्यांना धार लागली. ते नुसतं हसणं नव्हतं. मला विचाराल तर ती बाई तेव्हा सुखाने रडत होती.

ते पाणी चंद्रावळीने उकरलेल्या खळग्यात पडलं, आणि खालून बुडबुडा आला म्हणे. मग दुसरा. गढूळ पाणी वर चढलं, ते हळूहळू निवळलं. भिवराबाईने ओंजळ भरली, मिठाने करपलेल्या तोंडाला लावली आणि ओरडली, "गोडा! गोडा गो!"

आता तुम्ही विचाराल, अश्रू खारट आणि पाणी गोड कसं? मीही लहानपणी हसून आलेलं पाणी चाखून पाहिलं होतं, खारटच लागलं. पण मी काही कुणाची विहीण नाही.

मुहूर्त साधला. नवरीचे हात तसेच चिखलाचे होते. सासूने ते धुवू दिले नाहीत असं सांगतात. त्या रात्री भिवराबाई सगळ्या बायकांना एका पंगतीत घेऊन बसली आणि म्हणाली, आजपासून माझ्या इतक्या विहिणी, दिवाळीला कुणाकुणाकडे जाऊ? ती खरोखरच दर दिवाळीला यायची आणि एकेका घरी जेवायची. तो खळगा वाढत वाढत त्याचं हे तळं झालं, आणि खारवेळात नंतर कुणी पाण्यासाठी भरतीची वाट पाहिली नाही.

आजही खारवेळात लग्नाची हंडी अळणी रांधतात. अक्षता पडल्या की मीठ घरोघरून एका परातीत जमतं, सगळ्या बायका त्या परातीला हात लावतात, आणि मग त्यातली एकच चिमूट हंडीत पडते. पहिला घास विहीण घेते. जेवण कितीही चांगलं असलं तरी तिने तोंड वाकडं करून 'खारट!' असं ओरडायचं, तेव्हा ताशा वाजतो आणि पंगत बसते. आई नसलेल्या मुलीच्या लग्नपत्रिकेत आईच्या नावाच्या जागी 'समस्त खारवेळ' छापतात.

गेल्या वैशाखात अशाच एका पोरीचं लग्न झालं. विहीणबाई सोलापूरकडच्या. त्यांना सगळं आधी नीट समजावून ठेवलं होतं. घास घेतला, आणि समोर परातीला हात लावून उभ्या राहिलेल्या त्या साऱ्या बायका पाहून त्यांनी पदर डोळ्यांना लावला. 'खारट' म्हणायचं राहूनच गेलं. ताशेवाला काठ्या उचलून थांबलेला, सारा गाव त्यांच्या तोंडाकडे बघतोय. तेव्हा आमची नवरी पाटावरून न राहवून ओरडली, "अहो आई, म्हणा ना खारट!"

विहीणबाईंनी तिला जवळ ओढलं आणि रडत रडतच म्हणाल्या, "खारट गं बाई, लई खारट!"

ताशा जो वाजायला लागला तो संध्याकाळपर्यंत थांबला नाही.