अकरावी फिल्म

“अकरावीपण जाळली, सर. माझ्याइतकी बिनडोक विद्यार्थिनी कधी पाहिलीय तुम्ही?”

“पाहिल्यात की. पण त्या पाच-सहावर थांबल्या.”

मुजावरसर चष्मा पुसत राहिले. हेमांगी स्टुलावर टेकली. वय चव्वेचाळीस, लेक बारावीला आणि आईची पीएचडी अजून चालूच. हातात घडी घातलेला अर्ज होता. संशोधन सोडते आहे, सही व्हावी.

काम तसं सांगायला सोपं. स्फटिकाचा केसाहून हजारपट पातळ थर, म्हणजे फिल्म, एका तळावर चढवायची. तिला वीज लावायची. आतल्या अणूंची मांडणी पालटली पाहिजे.

पालटत नव्हती. मग हेमांगी व्होल्टेज वाढवायची. मग फिल्म जळायची.

“तळ कुठला घेतलास?”

“नवा, सर. अकराही वेळा. जुन्या तळावर बिचारी फार दाटीवाटीत बसायची. चहूबाजूंनी दाब. म्हटलं, हिच्या मापाचा देऊ. जरा ऐसपैस राहील.”

“राहिली?”

“अगदी मजेत. ताण म्हणून नाही कुठे.”

“हं…”

“मला सासरी मिळालं नाही ते फिल्मला द्यायला गेले,” ती हसली. एकटीच.

“तुझं लायब्ररीचं कार्ड बघू.”

वापरून वापरून मऊ पडलेलं ते कागदी कार्ड सरांनी टेबलावर ठेवलं.

“फुंक मार.”

तिनं मारली. कार्ड भुर्रकन उडालं ते थेट कपाटाखाली. गुडघ्यांवर बसून, फूटपट्टीनं ओढून तिनं ते बाहेर काढलं. केसांत जळमटं घेऊन उठली.

“जरा हळू मारायला हवी होती का?”

“जोरात मारली असतीस तर व्हरांड्यात गेलं असतं.”

सरांनी कार्डाच्या दोन्ही कडा अंगठा आणि मधल्या बोटात धरून दाबल्या. कार्ड फुगून तिच्याकडे आलं. फोटोतलं नाक सर्वांत पुढे.

“आता मार. हळू.”

तिनं गरम चहावर मारावी तेवढीच फुंक मारली.

टक्!

फुगवटा पालटून सरांच्या बाजूला गेला. कार्ड बोटांतच होतं.

हेमांगी बघत राहिली…

“म्हणजे जुन्या तळावर ती… आधीच पालटायच्या बेतात होती?”

सरांनी कार्ड परत दिलं.

“सर, जुन्या तळावरची एक फिल्म उरलीय. डबीत.”

“हं.”

“आणि मी? घर, नोकरी, लेकीची बारावी… चहूबाजूंनी…”

सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

“मग या अर्जाचं काय करू?”

सरांनी अर्ज घेतला. घडी उलगडली, शेवटपर्यंत वाचला. मग कागद उलटा करून टेबलावर ठेवला.

“पाठकोरा आहे. उद्याचे आकडे यावर उतरव.”