दर्या काकाकुवा

कोकणच्या किनाऱ्यावर, खाडीच्या तोंडाशी एक लहानसं बंदर होतं. तिथे भिकूशेट नावाचा लाकडाचा व्यापारी राहत असे. हसन तांडेल हा त्याचा जिवलग मित्र. हसनने उभी हयात गलबतावर काढली होती. दूरच्या एका बेटावरून त्याने एक मोठा काकाकुवा आणला होता. पांढराशुभ्र पक्षी, डोक्यावर पिवळा तुरा. हसन त्याला दर्या म्हणत असे.

म्हातारपणी हसनने अंथरूण धरलं. त्याने भिकूशेटला बोलावून घेतलं आणि म्हणाला, "भिकू, दर्याला तुझ्या ओटीत घालतो. तो माणसांत वाढलाय. त्याला एकटा टाकू नकोस."

"दिला शब्द," भिकूशेट म्हणाला. थोड्याच दिवसांत हसन गेला.

भिकूशेटने दर्यासाठी पितळेचा मोठा पिंजरा करवून घेतला आणि ओसरीवर टांगला. सारं बंदर बघायला लोटलं. शेटची छाती फुगली. पण नवलाई ओसरली. लोक येईनासे झाले, आणि शेटही वखारीच्या कामात बुडाला. सकाळी दाणापाणी ठेवायचा आणि निघून जायचा.

दर्या ओरडू लागला. त्याचं ओरडणं साधं नव्हतं. ते पार धक्क्यापर्यंत ऐकू जाई. शेजारी तक्रार घेऊन आले. "शेट, कान किटले हो आमचे!" शेटने पिंजऱ्यावर जाड कापड टाकलं. हळूहळू आवाज बंद झाला.

"बघ, शहाणा झाला," शेट बायकोला, द्वारकाबाईंना म्हणाला.

द्वारकाबाईंनी एक दिवस कापड उचललं आणि त्यांच्या तोंडून किंकाळी निघाली. दर्याने चोचीने स्वतःच्याच छातीवरची पिसं उपटून काढली होती. कातडी उघडी पडली होती. पिंजऱ्याच्या तळाशी पिसांचा ढीग होता.

"अहो, हा शहाणा नाही झाला," त्या म्हणाल्या, "हा हरलाय."

त्याच सुमारास गावात पशुपक्ष्यांचे खेळ करणारा एक खेळवाला आला होता. तो म्हणाला, "शेट, ही कटकट माझ्याकडे द्या. पंख छाटतो आणि खेळात बसवतो."

भिकूशेटला सुटल्यासारखं वाटलं. त्याने पिंजऱ्याचं दार उघडलं आणि हात आत घातला. दर्या चावला नाही. त्याने मान खाली घातली आणि डोकं शेटच्या बोटांना टेकवलं. हसन त्याला तिथेच खाजवत असे. शेटचा हात थांबला.

"काढा की बाहेर," खेळवाला म्हणाला.

"मी शब्द हसनला दिला होता," शेट म्हणाला, "पण तो मोडला तर दुखतं याला. तू जा बाबा."

दुसऱ्या दिवसापासून दर्या शेटबरोबर वखारीत जाऊ लागला. सोपं नव्हतं ते. त्याने शेटच्या बंडीची बटणं तोडली. नक्षीच्या चौकटीचा कोपरा कुरतडून टाकला. एकदा तर शेटचं बोट रक्तबंबाळ केलं. शेटने हात उगारला नाही. त्याने दर्यापुढे लाकडाचे तुकडे टाकले. चोचीला काम मिळालं. शेट जेवताना त्याला मक्याचं कणीस द्यायचा, काम करताना त्याच्याशी गप्पा मारायचा. लोक हसले. शेटने लक्ष दिलं नाही. एकदा शेट परगावी अडकला, तर दर्याने पुन्हा पिसं उपटली. शेटने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. सावकाश, उघड्या छातीवर पांढरे कोंब फुटले.

नारळी पौर्णिमेला सारं बंदर किनाऱ्यावर जमलं. दर्या शेटच्या खांद्यावर होता. एकाएकी ढोल कडाडले. दर्या दचकला, पंख पसरून उडाला आणि पार खाडीत उभ्या गलबताच्या डोलकाठीवर जाऊन बसला.

"गेला!" सणाला पुन्हा आलेला तो खेळवाला गर्दीतून ओरडला. "पंख छाटले असते तर राहिला असता!"

"राहिला असता, पण माझा नसता," शेट म्हणाला. समोर मोकळा समुद्र होता. त्याने हात उंच केला आणि घसा ताणून हाक मारली, "दर्या! ये रे बाळा!"

ढोल थांबले. सगळ्यांच्या नजरा वर वळल्या.

डोलकाठीवर पिवळा तुरा ताडकन उभा राहिला. दर्याने पाण्यावरून एक मोठी फेरी मारली. उन्हात त्याचं भरलेलं, पांढरंशुभ्र अंग लखलखलं. मग तो सरळ शेटच्या हातावर उतरला आणि असा काही आनंदाने ओरडला की सारा किनारा दणाणला. कान किटले म्हणणारे शेजारीच सगळ्यांत आधी टाळ्या पिटू लागले. द्वारकाबाईंनी डोळे पुसले, आणि पुन्हा ढोल कडाडले तेव्हा दर्या शेटच्या हातावर तुरा उभारून नाचत होता.

तात्पर्य: सोबतीला आणलेल्या जिवाचं नुसत्या दाण्यापाण्यावर भागत नाही. त्याला आपल्या रोजच्या दिवसातला वाटा द्यावा लागतो. जो हा वाटा देतो, त्याला जीव बांधून ठेवावा लागत नाही.