शिगोशीग मावशीची सही

अगं थांब, आधी ऐक तर, शब्दांच्या राज्यात काय झालंय ते! तिथे जागा अपुरी पडायला लागलीये. मग फर्मान निघालं: एका अर्थाला एकच शब्द. बाकीच्यांनी कचेरीत यायचं, आपण वेगळे आहोत हे दाखवायचं, नाहीतर वेशीबाहेर व्हायचं.

शिगोशीग मावशीही कचेरीत गेली. म्हातारी, गोलमटोल, वर्षानुवर्षं कुणी तिला हाकसुद्धा मारलेली नाही. खुर्चीत मुबलकराव. टापटीप माणूस, बोलणंही मोजूनमापून. शेजारी भरपूर उभा, तो तरणाताठा. जाहिरातीत बघ, शुभेच्छांत बघ, सगळीकडे तोच असतो.

"मावशी, तुमचा अर्थ काय?"

"पुष्कळ."

"मग आमचा भरपूर आहे की! तुम्ही कशाला उन्हातान्हाच्या आलात?"

भरपूर हसला. "बसू द्या हो साहेब, दमली असेल."

"तू गप रे. अंगाखांद्यावर खेळवलंय तुला," मावशी म्हणाली. "साहेब, एक पायली मागवा. आणि ज्वारी."

आता धान्य मोजायची पायली कचेरीत कुठून असणार? शिपायाने एक रिकामा डबा आणला. ज्वारी आली ती प्लॅस्टिकच्या पिशवीत, गच्च बंद. मावशीला काही ती उघडेना. शेवटी भरपूरनेच दातांनी फोडली.

मावशी ओतायला लागली आणि तिला एकदम खळं आठवलं. मळणी झालेली, पायाखालची जमीन तापलेली. मोजणारा डाव्या हाताने मापाला कवटाळायचा आणि उजव्याने घालतच राहायचा, माप भरलं तरी घालतच राहायचा. काठाच्या वर धान्याचं टोक उभं राहायचं, त्याला म्हणायचे शीग. तिथेच जन्मली ती. घामेजलेली, हसणारी माणसं भोवती. आणि बास म्हणायचं ते घेणाऱ्याने. देणाऱ्याच्या तोंडून तो शब्द तिने कधी ऐकलाच नव्हता.

डबा काठोकाठ भरला.

"झालं," मुबलकराव म्हणाले.

"इथवर हा भरपूर," मावशीने काठावर बोट ठेवलं. "आता मी."

आणि घालतच राहिली की! डब्यावर डोंगर चढला. भरपूर सगळा रुबाब विसरून टाळ्या पिटायला लागला, "आईशप्पथ, मावशी, अजून! अजून!" शेवटची मूठ टोकावरून घरंगळली, टेबलावरून उड्या मारत फरशीभर झाली. खिडकीतून चिमण्या थेट आत.

मुबलकराव ताडकन उठले. "अहो, सांडलं! सांडलं!"

"हां!" मावशीचा चेहरा उजळला. "हेच तर सांगत होते."

"कळलं. तुम्ही वेगळ्या आहात, मान्य." त्यांनी नोंदवही ओढली, मावशीच्या नावापुढे अर्थ लिहिला आणि वही तिच्याकडे फिरवली. "करा सही. राहा खुशाल राज्यात."

मावशीने चष्मा पुसून वाचलं. लिहिलं होतं: नासाडी.

सही केली तर राहायला मिळतंय, याच अर्थाने. नाही केली तर वेस. पेन तिच्या हातात आहे, पायाशी चिमण्या दाणे टिपतायत, आणि शिपाई केरसुणी घेऊन दारात उभा आहे.

तू असतीस तर काय केलं असतंस गं?