राखेचा कातळ

समोरचा हा कातळ पाहा. एवढा सपाट आणि एवढा राखाडी दगड आमच्या उंबरवंगणात दुसरा नाही. पावसाळे येतात-जातात, पण त्याचा रंग काही निघत नाही. येणारे पाहुणे विचारतात, इथं कोणता देव आहे? इथं देव नाही. इथं आमच्या झिमाबाई लोहकरे अकरा दिवस बसल्या होत्या.

संयुक्त महाराष्ट्र होऊन सात-आठ वर्षं झाली होती. सरकारनं गावोगावच्या विकासाचे आराखडे करायला घेतले होते. रस्ता, शाळा, तलाव, असं सगळं कागदावर आखून माणसं गावात यायची. सरकारची नियत चांगली होती, हे आमचे वडीलधारेही सांगत. पण आमच्या गावाचा आराखडा तालुक्याच्या कचेरीत बसून केलेला होता. तो करणाऱ्यांनी हा डोंगर चढलेला नव्हता.

वैशाखात ओव्हरसियर आला आणि त्यानं चावडीपुढं नकाशा उलगडला. वरच्या ओढ्यावर तलाव होणार म्हणून गेणू पाटील खूश होते, कारण त्यांची शेतं खाली होती. गर्दीच्या मागं वरच्या वाडीची माणसं उभी होती. त्यांतून झिमाबाई पुढं आल्या. तिशीच्या, विधवा, अंगठा उठवणाऱ्या बाई.

"ह्यात आमची वाडी कुठं हाय?"

ओव्हरसियर म्हणाला, "बाई, हा निळा भाग दिसतो ना, तो तलाव. वाडी वगैरे यात दाखवलेली नाही."

"निळा हाय तिथंच माझी चूल हाय. बावीस घरं हायेत तिथं."

"तुम्हाला दुसरीकडं जागा बघू," असं म्हणून त्यानं नकाशाची गुंडाळी केली. काही माणसं हसली. माझी आई तेव्हा नवी सून होती, ती गर्दीत होती. ती सांगायची, झिमाबाईंनी हसणाऱ्यांकडं वळूनसुद्धा पाहिलं नाही, सरळ वाडीवर निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बावीस चुलींची राख पाटीत गोळा केली आणि या कातळावर आणून मुठीमुठीनं गाव काढलं. ओढा, झरा, खाचरं, पाणवठ्याची वाट, मसणवटा आणि वाडीतलं एकेक घर. मग वाडीच्या जागी मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "ज्याला आमचं गाव आखायचं हाय, त्यानं आधी हे गाव पायानं फिरावं. तोवर मी उठत नाही."

वैशाखातला कातळ म्हणजे तापलेला तवा. पाटलांनी निरोप धाडला, सरकारशी वाकडं घेऊ नकोस. झिमाबाईंनी उलट निरोप दिला, "मी सरकारशी वाकडं घेत नाही. सरकारला घर दाखवती."

तिसऱ्या दिवशी खालच्या गावातल्या बायका आपापल्या चुलीची राख घेऊन आल्या. कुणी म्हणाली, माझ्या शेताची वाट दाखव; कुणी म्हणाली, आमची विहीर राहिली. नकाशा वाढत गेला. सातव्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं आणि वळीव कोसळला. असं सांगतात की चारी बाजूंना पाऊस पडला आणि कातळावर थेंबही पडला नाही. माझी आई मात्र म्हणायची, चाळीस बायकांनी माळ्यावरची इरली काढून नकाशावर धरली होती आणि सगळ्या स्वतः चिंब भिजल्या होत्या. तुम्हाला जे पटेल ते घ्या.

अकराव्या दिवशी जिल्ह्याहून मोठे साहेब आले, खासनीस नावाचे. बाईला उठवायला म्हणून आले होते, सोबत दोन पोलीस होते. साहेब बूट घालून कातळावर चढले.

"साहेब, बूट काढा. तुम्ही माझ्या अंगणात उभे हायसा."

पोलीस पुढं सरकले. साहेबांनी त्यांना हातानं थांबवलं, खाली बघितलं आणि बूट काढले. पाय पोळत होते, तरी सगळा नकाशा चालले. राखेच्या ओढ्यापाशी येऊन म्हणाले, "तलावाला जागा हीच चांगली दिसते."

"दिसती. पण तिथं पाणी ठरत नाही. तळाला भेग हाय."

"कशावरून?"

झिमाबाई तेव्हा उठल्या. दोन बायकांच्या खांद्यांवर हात टाकून त्या साहेबांना कोरड्या ओढ्यात घेऊन गेल्या. बायकांनी झऱ्यावरून हंडे भरून आणले. पाण्यात राख कालवून ते हंडे एकामागून एक भेगेत ओतले. हंड्यावर हंडे रिते झाले, पाणी कुठं गेलं कळेना. मग खालून हाका आल्या. झरा राखाडी झाला होता.

साहेबांनी खाली उतरून ते राखाडी पाणी ओंजळीत घेऊन पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "मग तलाव कुठं करायचा?"

"खालच्या खिंडीत. तिथं अख्खा दगड हाय."

पाटील ओरडले, "तिथं माझं रान जाईल!"

"थोडं जाईल, पाटील. पण कागदावर तुमचं नाव घालून, भरपाई देऊन जाईल. आमची घरं नावाशिवाय बुडत होती."

साहेबांनी खिंडीत खड्डे घेऊन पाहिले. तीन हातांवर अखंड दगड लागला. जुन्या नकाशावर त्यांनी लाल पेन्सिलीनं काट मारली आणि नवा कागद अंगठ्यासाठी पुढं केला. झिमाबाईंनी हात मागं घेतला. "आधी वाचा. मोठ्यानं. सगळ्यांपुढं." साहेबांनी वाचलं. वाडीचं नाव आलं तेव्हाच त्यांनी अंगठा उठवला.

झिमाबाईंच्या पायांची कातडी त्या कातळानं घेतली. पुढं जन्मभर काठी घेऊन चालल्या, भाताच्या लावणीला पुन्हा उभ्या राहू शकल्या नाहीत. तलाव भरला तेव्हा पाटील स्वतः वाडीवर गेले आणि नारळ झिमाबाईंच्या हातानं फुटावा म्हणून विनवलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही फोडा. मी पुढच्या कागदाची वाट बघती."

आता घरोघरी गॅस आलाय. तरी आजही आराखड्याची ग्रामसभा असली की आदल्या दिवशी प्रत्येक घरात चूल पेटते, नुसती राख करायला. दोन वर्षांपूर्वी एक तरुण अधिकारी आला. म्हणाला, आराखडा कॉम्प्युटरवर तयार आहे, संध्याकाळी मुदत संपते, सह्या द्या. बायका कातळावर राख टाकत राहिल्या. अख्खं गाव आखून होईपर्यंत दिवस मावळला, मुदत गेली. तो चिडून कोरा फॉर्म घेऊन परत गेला.

आठवड्यानं तो पुन्हा आला. या खेपेला बूट त्याच्या हातात होते, आणि डोंगराच्या पायथ्यापासून होते.