अळणी अश्रू

शंखपूरच्या राजाला भैरंभट वैद्यांनी पटवलं, "महाराज, समुद्राचं मीठ म्हणजे विष! मी महिनाभर खडासुद्धा चाखलेला नाही. बघा माझं तेज!" झालं! राजानं उद्यापासून मिठागरं बुजवायचा हुकूम काढला. तिथे राबून पोट भरणाऱ्या बायका रडत राणीकडे आल्या.

सुलक्षणाराणीचा त्या दिवशी अळणी सोमवार होता. देवाला हात जोडून ती कांदा नि विळी घेऊन थेट दरबारात गेली आणि कांदा चिरायला बसली.

"वैद्यबुवा, एक अळणी अश्रू गाळून दाखवा. मिठागरं मी स्वतः बुजवते."

"हात्तिच्या!" म्हणत वैद्यबुवा कांद्यावर वाकले. डोळे घळाघळा वाहू लागले. ओघळ ओठांवर आला, तो त्यांनी चाटला आणि चेहरा कसनुसा केला.

"कसा लागला?" राजानं विचारलं.

"खारट... महाराज."

राणी हसली. "महिनाभर तुम्ही मीठ दिलं नाहीत, तरी देहानं जपून ठेवलंय. देवानं घडवतानाच जे घातलं, ते विष कसं असेल? फार नको, पण चिमूटभर हवंच."

राजानं हसत हुकूम फाडला. दुपारी पंगतीत मीठ सर्वांत आधी कुणी मागितलं म्हणता? भैरंभटांनीच! देव तुमच्याही पानात ती चिमूट राखो.