डांबर किती, चिखल किती

“डांबर किती, चिखल किती?”

वस्तादांनी दुसऱ्यांदा विचारलं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा गुंडूने ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं.

“वस्ताद, टायर कुठले घालू, एवढंच इचारलं मी.”

“मी बी टायरचंच इचारतोय.”

दस्तगीर वस्ताद म्हणजे आजऱ्याच्या रस्त्याला, घाटाच्या अलीकडे, पंक्चरचं दुकान घालून बसलेले म्हातारे गृहस्थ. तीस वर्षं त्यांनी ट्रक चालवला. त्यांच्या हाताखाली शिकलेले ड्रायव्हर आज बेळगावपासून कोकणापर्यंत पसरलेत, आणि वाटेत दुकान लागलं की उतरून पाया पडतात.

शिकवण्याची त्यांची एक रीत होती. पहिले तीन महिने शिष्याने स्टिअरिंगला हात लावायचा नाही. रोज संध्याकाळी टायर धुवायचे, मग एकेका टायरवरून तळहात फिरवायचा आणि आज रस्ता कसा होता ते सांगायचं. बरेच जण पहिल्याच महिन्यात पळून जात.

गुंडू पळाला नव्हता. त्याचा त्याला अभिमान होता. अभिमान असावा माणसाला, पण गुंडूकडे तो जरा भरपूर होता.

त्याची पिकअप दुकानासमोर उभी होती. चारही टायर गुळगुळीत झालेले. मागच्या बाजूला, उघडझाप करायच्या फळीला म्हणजे फाळक्याला टेकून त्याची बायको शेवंता बसली होती. त्या दिवशी गाडीत दुसरं कोणी नव्हतं, पुढची सीट रिकामीच होती. तरी ती मागेच बसून आली होती.

एरवी रोज सकाळी त्या गाडीत अकरा बायका असत. आसपासच्या वाड्यांवरच्या, काजूच्या कारखान्यात बिया फोडायला जाणाऱ्या. शेवंता त्यांतलीच एक.

आठ दिवसांपूर्वी ओल्या वळणावर गाडी घसरली. गुंडूने ब्रेक दाबला, पण गाडी ऐकेना. रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडाला अडून ती थांबली. दगडाच्या पलीकडे ओढा होता.

“कुणाला कायबी झालं न्हाई,” गुंडू सगळ्यांना सांगत सुटला होता. वस्तादांनाही त्याने तेच सांगितलं.

“सांग की,” वस्ताद म्हणाले. “डांबर किती?”

“सकाळी वीस किलोमीटर, सांजंला वीस. समदं डांबरीच.”

“आन चिखल?”

“घरापाशी हाय की थोडा. शंभर पावलं असंल.”

वस्तादांनी गाडीच्या गुळगुळीत टायरांकडे बघितलं.

गुंडूने शेवंताला सरकायला सांगून फाळका उघडला आणि आत ठेवलेला एक कोरा टायर खाली उतरवला. गडहिंग्लजच्या ओळखीच्या दुकानदाराने दाखवायला म्हणून दिला होता. मोठमोठे चौकोनी ठोकळे, मध्ये बोटं जातील एवढ्या खोल खाचा. गुंडूने तो वस्तादांपुढे उभा केला. नवरामुलगा दाखवायला आणल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता.

“चिखलाचा बादशा हाय, वस्ताद.”

वस्तादांनी टायरवरून तळहात फिरवला. एकदा सावकाश, मग उलट्या बाजूने.

“टायर चांगला हाय,” ते म्हणाले.

“मग घालू?”

“इतका चिखल कुठनं आणणार हाईस?”

गुंडूला हे आवडलं नाही. तो दुसरीकडे बघू लागला.

“ताकाला आलाईस तर भांडं लपवू नगंस,” वस्ताद म्हणाले. “काय ते सांग.”

मागून शेवंताच बोलली.

“जत्रंचं लागलंय चाचा त्येंच्या मनाला.”

गेल्या श्रावणात डोंगरावरच्या महादेवाच्या जत्रेला गुंडूची पिकअप देवळाखालच्या चढावर रुतली. सगळा गाव वर चाललेला. ज्या पांडबाशी गुंडूचं शाळेपासून पटत नाही, त्याच पांडबाने ट्रॅक्टर आणून गाडी ओढून काढली, आणि ओढताना शिट्टी वाजवली. पोरं हसली, म्हातारी माणसं हसली, भटजीसुद्धा हसले. वर्ष होत आलं, गुंडूच्या कानांतून ती शिट्टी जात नव्हती.

“वस्तादाचा चेला म्हनत्यात मला,” गुंडू म्हणाला. “चेला रुतला, म्हनले. तुमचं बी नाव गेलं त्यात.”

“माझं नाव हाय तिथंच हाय,” वस्ताद म्हणाले.

ते उठले. कोपऱ्यातल्या घागरीतून तांब्याभर पाणी घेऊन त्यांनी दुकानाच्या पायरीवर ओतलं. पायरी शहाबादी फरशीची, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांनी गुळगुळीत झालेली.

“बस हितं. पाच बोटं टेकव. नुसती टोकं.”

गुंडू उकिडवा बसला. बोटांची टोकं ओल्या फरशीवर टेकवली.

“भार टाक.”

त्याने भार टाकला. वस्तादांनी त्याच्या खांद्याला हलकेच धक्का दिला. बोटं सर्रकन पुढे गेली आणि गुंडूचं कोपर फरशीवर आपटलं.

“आता पुरा तळवा टेकव.”

त्याने तळवा टेकवला. वस्तादांनी पुन्हा धक्का दिला, या वेळी जोरात. हात जागचा हलला नाही.

“पानी कुठं गेलं?” वस्तादांनी विचारलं.

गुंडूने हात उचलून बघितला. तळव्यावरच्या बारीक रेघांमध्ये पाणी चमकत होतं. तो बराच वेळ बघत राहिला. मग मान वर करून हट्टाने म्हणाला,

“पर चिखलात बोटंच रुतत्यात, वस्ताद. तळवा सटकतो.”

“खरं हाय.”

“मग?”

“डांबर किती, चिखल किती?”

...

गुंडूला शिकाऊ दिवसांत असाच राग येई. एकच प्रश्न, पुन्हा पुन्हा, आवाज न चढवता. त्यापेक्षा वस्तादांनी पाठीत धपाटा घातला असता तर बरं, असं त्याला वाटे. आजही तसंच वाटलं.

“वस्ताद, इतकी वर्सं गाडी चालवतोय मी. डांबरावर गाडी कशी संबाळायची ते मला ठावं हाय. त्या दिशी टायर झिजलं हुतं, म्हनून घसरली. नवं घातल्यावर कुठलं बी चालतंय. आन कुणाला कायबी झालं न्हाई!”

वस्तादांनी त्याच्याकडे बघितलं नाही. ते गाडीकडे वळले.

“पोरी, खाली ये जरा. तू बी हात टेकव.”

शेवंता उतरली. पदर सावरून पायरीशी बसली आणि डावा तळवा फरशीवर ठेवला.

“उजवा,” वस्ताद म्हणाले.

ती हलली नाही.

“उजवा, बाळ.”

तिने उजवा हात पदराखालून काढला आणि उलटा धरला. वस्ताद थांबले. मग तिने हळूच तळवा उघडला.

काजूच्या टरफलाचं तेल कातडीला लागलं की काळं पडतं, धुतलं तरी जात नाही. बिया फोडणाऱ्या सगळ्याच बायकांचे तळवे काळे असतात. शेवंताचाही तसाच काळा होता. पण त्या काळ्यात, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, एक आडवी जखम होती. नीट बघितलं तर साखळीच्या कड्या एकेक करून मोजता आल्या असत्या. मध्ये खपली धरली होती, कडेने अजून ओली होती.

“कुठं बसतीस गाडीत?” वस्तादांनी विचारलं.

“फाळक्यापाशी.”

“रोज?”

“व्हय. घरचीच गाडी हाय. चांगली जागा दुसऱ्यास्नी द्यावी लागती, चाचा.”

“आन त्या दिशी?”

शेवंताने नवऱ्याकडे बघितलं. मग खाली बघत म्हणाली,

“फाळका उघडला. फाळक्याची साखळी धरली मी. पाय भायेर लोंबत हुतं... थांबली मग गाडी.”

गुंडू उभा होता तो खाली बसला.

आठ दिवस तिने याच हाताने भाकरी थापली होती. याच हाताने त्याच्या ताटात वाढली होती. चटका बसला तर बसला, पण तोंडातून शब्द काढला नव्हता. आणि शेकडो टायरांवरून तळहात फिरवून रस्ता सांगायला शिकलेल्या माणसाने तिचा हात एकदाही बघितला नव्हता. हे मी त्याला टोमणा म्हणून लिहीत नाही. आपल्यापैकी बहुतेकांचं असंच असतं, पण म्हणून ते कमी वाईट ठरत नाही.

“मला सांगितलं का न्हाईस?” गुंडूने विचारलं.

“तुमी समद्यास्नी सांगत हुता की, कुणाला काय झालं न्हाई म्हून.”

...

घाटातून एक एसटी उतरली आणि निघून गेली. वस्तादांनी दुकानातून हळद आणि खोबरेल आणून शेवंतापुढे ठेवलं. तिने लावायला घेतलं तेव्हा गुंडूने ती वाटी आपल्याकडे ओढली. तिचा हात हातात घेतला आणि एका बोटाने, एकेका कडीच्या खुणेवर, हळद लावली. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. त्याने ते पुसलं नाही.

मग तो उठला. कोरा टायर ढकलत गाडीपाशी नेला, मागे चढवला आणि फाळक्याला लागून आडवा ठेवला, शेवंता रोज बसायची तिथे. फाळका लावला. साखळी अडकवली, ओढून बघितली, पुन्हा एकदा ओढून बघितली.

“ह्यो परत देतो,” तो म्हणाला. “सरळ रेघांचं घालतो, वस्ताद. रुंद बघून. चारी बी.”

वस्तादांनी मान हलवली.

गुंडूने पुढचं दार उघडलं.

“फुडं बस.”

“ऱ्हाऊ द्या. मागं बरी हाय मी,” शेवंता म्हणाली.

“बस म्हनतो न्हवं.”

ती बसली. तिला तिथे कसं बसावं कळेना, पिशवी मांडीवर घेऊन ती अंग चोरून बसली. गुंडूने वस्तादांच्या पायांना हात लावला, गाडीत चढला, किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं तरी गाडी हलली नाही.

त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. आता त्याच्या आवाजात हट्ट नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“वस्ताद... श्रावणात जत्रंला जायाला लागणारच. पुन्ना रुतलो तर?”

वस्ताद ओल्या पायरीवर बसले होते. त्यांनी पुढच्या सीटवर बसलेल्या शेवंताकडे बघितलं.

“रुतलेल्या गाडीतनं माणसं आपल्या पायानं उतरत्यात, गुंडू.”