कोठाराचा डुलणारा जिना

फार फार वर्षांपूर्वीची, नद्यांना अजून नावंही पडली नव्हती तेव्हाची ही गोष्ट.

नदीकाठी एक गाव होतं. दरवर्षी पुरात हिवाळी पेरणीचं बियाणं भिजून जायचं. म्हणून गावाने उंच खांबांवर कोठार बांधलं आणि जिन्याचं काम एका नामांकित सुताराला दिलं. बायका डोक्यावर रुंद पाट्या घेऊन चढणार, तेव्हा जिना दोन्ही बाजूंनी मोकळा हवा, एवढीच अट.

सुताराचा हात मोठा देखणा. त्याने बाजूच्या तुळया तासून तासून अशा सडपातळ केल्या, की बघणाऱ्याने बघतच राहावं. मग स्वतः हात हलवत वरखाली जाऊन आला आणि मिशीला पीळ देत म्हणाला, "हत्ती चढवा, मोडणार नाही!"

आता हत्ती कोण चढवतो? चढायचं होतं बियाणं सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या आजीला. ती हरभऱ्याची पाटी घेऊन निघाली आणि मध्यावर येताच जिना खालीवर डुलू लागला. आजी तिथेच मटकन बसली. बायकांनी तिला धरून उतरवलं आणि आपापल्या पाट्या खालीच ठेवल्या. नदीचं पाणी तर चढू लागलं होतं.

"आजी, मोडत नाही हो तो! माझा शब्द आहे," सुतार चिडून म्हणाला.

"तुझा शब्द मी ऐकला रे बाबा. माझ्या गुडघ्यांना कोण सांगणार?"

"द्या इकडे!" म्हणत सुताराने पाटी आपल्याच डोक्यावर घेतली. दोन्ही हात पाटीला, मान खाली घालता येईना, धरायला कठडा नाही. मध्यावर पायाखालची फळी हलली आणि स्वारीची बोबडीच वळली. बसत बसत तो खाली आला.

त्याला लाज वाटली, खूप वाटली. "चुकलं माझं, आजी," तो म्हणाला. "मोडू नये, एवढंच मी पाहिलं."

मग तो जिन्याखाली उताणा पडला, वरून बायकोला चालायला लावलं आणि लाकूड कुठे वाकतं ते पाहिलं. स्वतःच्या घरासाठी राखलेलं सागवान आणून त्याने रुंद, जाड तुळया बसवल्या. पायऱ्या खाचांमध्ये पाचर मारून घट्ट केल्या आणि मधोमध खालून भक्कम टेकू दिला. जिना आता पहिल्याइतका देखणा राहिला नाही.

पाणी वेशीशी आलं तेव्हा आजी पाटी घेऊन पुन्हा निघाली. मध्यावर पोचली आणि मागच्या सुनेवर खेकसली, "अगं, पाटी सरळ धर, दाणे सांडतायत!" जिन्याबद्दल चकार शब्द नाही. खाली उभ्या सुताराचे डोळे भरून आले.

संध्याकाळपर्यंत सारं बियाणं वर गेलं. पूर आला तसा ओसरला, आणि त्या हिवाळ्यात शिवार हिरवंगार झालं.

म्हणून लहानथोरांनो, दुसऱ्यासाठी काही घडवायचं असेल, तर त्याचं ओझं आधी आपल्या डोक्यावर घेऊन पाहावं.